तेरा सुपाऱ्या

लग्नाला सुपारी लागते हे सर्वांनाच ठाऊक आहे. मधुचंद्रालाही ती लागते, हे मला मात्र यंदाच्या चैत्रात कळले. तेही सत्तरी ओलांडल्यावर, दिवेआगरच्या आमच्या घराच्या ओटीवर झोपाळ्यावर बसलो असताना.

त्याचे असे झाले. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाचे लग्न ठरले. मुलगा पुण्याला संगणकाच्या एका कंपनीत नोकरीला. तो आठ वर्षांचा असताना आमचे मेहुणे गेले. बहिणीने शिवणाचे यंत्र चालवून त्याला शिकवला. पण उभ्या जन्मात कोणाच्या दुकानात 'लिहून ठेवा' असे दोन शब्द तिने उच्चारले नाहीत. अशा घरातले कार्य म्हटल्यावर पहिले केळवण मामाकडे झाले पाहिजे, असे आमच्या घरातून फर्मान सुटले. घरातून म्हणजे अर्थातच हिच्याकडून. तेव्हा एका रविवारी नियोजित वधूवर ताम्हिणी घाट उतरून, माणगाव-म्हसळे करीत, अकराच्या सुमारास अंगणात येऊन उभे राहिले.

हिने आंब्याची डाळ, पन्हे, कच्च्या फणसाची भाजी, सोलकढी आणि उकडीचे मोदक असा बेत केला होता. मुलगी पुण्यात वाढलेली, एका हिशेबतपासनिसाच्या कचेरीत काम करणारी. मला वाटले, ही एका मोदकावर हात आखडील. पण तिने शांतपणे पाच मोदक संपवले, तेव्हा हिने माझ्याकडे पाहून हळूच मान डोलावली. आमच्या घरात मुलगी पसंत पडल्याची ही खूण आहे.

जेवणे झाली. मी पानाचा डबा आणि अडकित्ता घेऊन झोपाळ्यावर बसलो. मुले पायरीवर बसली. हिने पदराला हात पुसत विचारले, "मग काय रे, लग्न झाल्यावर जाणार कुठे?"

"कोचीला, मामी. विमानानं. आणि खरी गंमत म्हणजे विमान जवळजवळ फुकट!"

आता, कोकणात 'फुकट' हा शब्द कानावर पडला की माणूस आनंदायच्या आधी दाराची कडी लागली आहे ना ते बघतो. मी अडकित्ता खाली ठेवला.

खरे सांगायचे तर 'मधुचंद्र' हा शब्दच मी तरुणपणी वाचनालयाच्या कादंबऱ्यांतून शिकलो. आमचे लग्न १९७९ च्या मे महिन्यात झाले. लग्नानंतर आम्हीही प्रवासाला निघालो होतो, नाही असे नाही. एस. टी. ने हरिहरेश्वराला. पण बरोबर माझी आई, हिची आई, दोन मावश्या, एक आतेभाऊ, शेजारच्या काकू आणि तीन पोरे होती. आमच्या मधुचंद्राला आम्ही अकरा जण होतो. हिच्याशी मी काय ते एक वाक्य बोललो, तेही "पिशवी इकडे दे" असे. तेव्हा दोघांनीच विमानात बसून जायचे, आणि तेही फुकट, हे ऐकून मला थोडा हेवा वाटला हे कबूल केले पाहिजे.

"फुकट ते कसं?" मी विचारले.

भाच्याने खिशातून एक पातळसे कार्ड काढून झोपाळ्यावर ठेवले. "याचे पॉइंट मिळतात, मामा."

मी बोर्ली पंचतनला अनेक वर्षे मास्तरकी केली. समोरच्याला एखादी गोष्ट कळलेली आहे की नुसती पाठ झालेली आहे हे पाहायचे असेल, तर त्याला ती वस्तू मांडून दाखवायला सांगावी. मी पानाचा डबा त्याच्यापुढे सरकवला. आत रोठा सुपारी होती, आमच्या श्रीवर्धनकडची. म्हटले, "एक सुपारी म्हणजे एक हजार रुपये. मांड तुझे पॉइंट."

त्याने मांडले. त्याच्या कार्डावर दीडशे रुपये खर्च केले की चार पॉइंट मिळत. त्या पॉइंटची किंमत मोठी लहरी. विमानाच्या तिकिटाला लावला तर पन्नास पैसे, त्यातून एखादी वस्तू घेतली तर पस्तीस, आणि बिलातूनच वजा करून घेतला तर अवघे वीस! म्हणजे तोच नारळ देवळात नेला तर रुपयाचा, बाजारात चार आण्यांचा. वर्षात पाच लाखांचा खर्च झाला की वर दहा हजार पॉइंटांचे बक्षीस. भाच्याचा वर्षाचा खर्च झाला होता सहा लाख. दीडशेचे चार हजार हिस्से, प्रत्येकी चार पॉइंट, म्हणजे सोळा हजार. त्यात बक्षिसाचे दहा हजार. एकूण सव्वीस हजार. पन्नास पैशांनी तेरा हजार रुपये. त्याने झोपाळ्याच्या फळीवर तेरा सुपाऱ्या ओळीने ठेवल्या.

"आता दोघांची पुणे-कोची जाण्यायेण्याची तिकिटं अठरा हजार. त्यातले शेकडा सत्तरच पॉइंटातून देता येतात. म्हणजे बारा हजार सहाशे. उरलेले पाच हजार चारशे रोख, आणि नव्याण्णव रुपये हाताळणी. त्यावर जीएसटी."

"फुकटाला हाताळणी लागते?" हिने विचारले.

"लागते, मामी. आणि दोन वर्षांत वापरले नाहीत तर पॉइंट मरतात."

मला हसू आले. आमच्या गावाला शब्द दिला की तांब्यावर कोरून द्यायची सवय. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा मराठी ताम्रपट या दिवेआगरचाच. तो साडेनऊशे वर्षे वाचता येतो आहे. आणि इथे बँकेने दिलेला शब्द दोन वर्षांत गतप्राण! पण मी बोललो नाही. हिशेब चोख होता. पेट्रोल आणि घरभाडे यांवर पॉइंट मिळत नाहीत, हेही पोराला ठाऊक होते. कोणत्या वारी कोणती वस्तू घ्यावी, कुठे किती सूट, सारे त्याने वहीत टिपून ठेवल्यासारखे सांगितले. काटकसर ही आमच्या बहिणीच्या घरची विद्या; ती नव्या लिपीत लिहिली जात होती इतकेच. मला त्याचे कौतुक वाटले.

मागाहून मी या विषयाची थोडी चौकशी केली. मास्तरांची खोड मेल्याशिवाय जात नाही. गिऱ्हाइकाला असे लळा लावणे काही आजचे नव्हे. अमेरिकेत १८९६ सालापासून दुकानदार गिऱ्हाइकांना हिरवी तिकिटे वाटत. ती वहीत चिकटवायची आणि वही भरली की त्या बदल्यात घरात काहीतरी वस्तू आणायची. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लबाचे कार्ड निघाले. आपल्याकडे सेंट्रल बँकेने १९८० साली 'सेंट्रलकार्ड' काढले. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी अमेरिकन एअरलाइन्सने उतारूंचे मैल मोजून त्यांना तिकिटे द्यायला प्रारंभ केला. हिरव्या तिकिटाचे मैल झाले आणि मैलांचे पॉइंट. माणसाची हौस तीच राहिली.

पण त्या दिवशी ओटीवर इतिहास कोणाला सुचत होता? मी तेरा सुपाऱ्यांकडे पाहत होतो आणि मनात एक साधा प्रश्न येत होता: या सुपाऱ्या आल्या कोणाच्या वाडीतून?

त्याचे उत्तर मला माझ्याच पासबुकात सापडले. ते कसे, हे सांगायला थोडे मागे जायला हवे.

१९९७ च्या नोव्हेंबरात आमच्या गावात एका पोफळीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी निघाली आणि तीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा. तेव्हापासून गावात माणसांची रीघ लागली. माणसे आली म्हणजे जेवण आले, निजायला खोली आली. आम्हीही मागच्या पडवीच्या दोन खोल्या केल्या. पुढे २०१२ च्या मार्चात देवळावर दरोडा पडला, दोघा पहारेकऱ्यांचे प्राण गेले आणि मुखवटाही गेला; २०२१ च्या नोव्हेंबरात नवा बसवला. मध्ये २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आदळले आणि दोन प्रहरात वाड्या झोपवून गेले. माझ्या वाडीत तीन पिढ्यांच्या पोफळी काड्यांच्या पेटीसारख्या विस्कटून पडल्या होत्या. पोफळ लावली की फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. तेवढी वर्षे या दोन खोल्यांनीच आम्हांला जगवले. शहरचे पाहुणे कार्ड पुढे करू लागले, म्हणून मी बँकेतून कार्ड घासायचे यंत्रही आणून ठेवले.

गेल्या दिवाळीच्या सुटीत हाच भाचा आठ मित्रांना घेऊन तीन दिवस आला होता. बिल झाले तीस हजार. मित्रांकडून त्याने पैसे आपल्याकडे घेतले आणि सारे बिल स्वतःच्या कार्डाने दिले. मला वाटले, केवढा हा मुलगा व्यवस्थित! आता मी आत जाऊन पासबुक आणले. तीस हजारांऐवजी जमा होते एकोणतीस हजार दोनशे ब्याण्णव. शेकडा दोन रुपये आणि त्यावर जीएसटी कापून घेतलेला. सातशे आठ रुपये गेले होते.

"या तीस हजारांवर तुला किती पॉइंट मिळाले रे?"

त्याने हिशेब केला. "आठशे. म्हणजे चारशे रुपये."

"म्हणजे माझे सातशे आठ कापले, त्यातले चारशे तुला पोचले. मधल्या तीनशे आठांची सुपारी कोणी कातरली?"

भाचा ओशाळला. "मामा, तुम्ही आधी बोलायचं होतं. मी रोख दिले असते."

"अरे, रागावलो नाही मी. तुझ्या विमानाच्या खिडकीचं एक तावदान आमच्या वाडीतून गेलं, एवढंच मनात आलं." आणि खरेच, मला राग नव्हता. भाच्याच्या मधुचंद्राला मामाने सातशे रुपये दिले, यात बिघडले काय? आहेर म्हणून मी याहून जास्तच देणार होतो. फक्त आपण आहेर केला आहे हे आपल्याला ठाऊक असावे, इतकीच माणसाची अपेक्षा असते.

इतका वेळ मुलगी काही बोलली नव्हती. गुडघ्यांवर हनुवटी टेकवून ती सुपाऱ्यांकडे बघत होती. तिने हलक्या आवाजात विचारले, "सहा लाखांचं बिल सगळं भरलंय ना?"

भाच्याने उत्तर द्यायला क्षणभर उशीर केला. संसारात पुष्कळ गोष्टी त्या एका क्षणात कळतात.

"भरतोय," तो म्हणाला. "कार्यालय, केटरर, कपडे, सगळं एकदम आलं ना. मागच्या दोन महिन्यांचे दोन लाख राहिलेत. किमान रक्कम भरलीय मी. दहा हजार."

"म्हणजे एक लाख नव्वद हजार बाकी. दर काय?"

"असेल... तीन साठ."

"वर्षाला?"

"महिन्याला."

मी हयातभर पोरांना सरळव्याज शिकवले. पण शेकडा दरमहा तीन रुपये साठ पैसे हा दर माझ्या एकाही उदाहरणात नव्हता. पोरे हसली असती. वर्षाचे त्रेचाळीसच्या वर जातात! त्या मुलीला मात्र हा दर नवा नव्हता. तिच्या कचेरीत असली प्रकरणे येत. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली सालीना शेकडा तिसाच्या वर व्याज घेणे गैर ठरवले होते, आणि तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या डिसेंबरात रद्द केला, असे तिने सांगितले. "नुसती किमान रक्कम भरत गेलात तर कर्ज फिटायला वर्षं लागतील, असं बिलावरच छापलेलं असतं. रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे तसा. आणि पूर्ण बिल भरलं नाही की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज." मग तिने माझ्या डब्यातून सुपाऱ्या घेतल्या आणि तेरांच्या ओळीखाली दुसरी ओळ मांडू लागली.

"एक लाख नव्वद हजारांचं महिन्याचं व्याज सहा हजार आठशे चाळीस. त्यावर अठरा टक्के जीएसटी, बाराशे एकतीस. आठ हजार एकाहत्तर." आठ सुपाऱ्या. "दुसऱ्या महिन्याचे आणखी आठ."

वरची ओळ तेराची, खालची सोळाची. खालची ओळ फळीवर मावेना. तीन सुपाऱ्या तिने हातातच ठेवल्या. विमान जमिनीवरून उडायच्या आधीच उतरले होते.

कोणीच बोलले नाही. झोपाळ्याच्या कड्या तेवढ्या करकरत होत्या. भाचा एकाएकी उठला. "तुझ्यासाठीच केलं हे सगळं! आईकडे एक पैसा मागायचा नाही आणि तुला विमानानं न्यायचं, म्हणून. लग्न काय सुपाऱ्या मोजून होतं?" असे म्हणून तो अंगण ओलांडून वाडीच्या वाटेने समुद्राकडे चालता झाला. मुलगी जागची हलली नाही. तिच्या हातातल्या तीन सुपाऱ्या मात्र थरथरत होत्या.

लग्नाला तीन आठवडे राहिले होते. माझ्या डोळ्यांपुढे बहीण उभी राहिली; शिवणाच्या यंत्रावर वाकलेली. मी पायांत वहाणा सरकवल्या. जाताना हिने मला अडवले आणि पुटपुटली, "त्याला वाण्याचं सांगा." एवढेच बोलून ती मुलीजवळ जाऊन बसली.

आमची पुळण लांबच लांब आहे. पूर्वी तिच्या कडेने सुरूंचे दाट बन होते. वादळात त्यातली पुष्कळ झाडे पडली. आता नवी रोपे खांद्याच्या वर आली आहेत. त्यांच्या विरळ सावलीत भाचा वाळूवर बसला होता. मी शेजारी बसलो. भरती लागली होती. थोड्या वेळाने मी त्याला वाण्याचे सांगितले. ते मी आजवर कोणालाच सांगितलेले नव्हते.

आमचे लग्न झाले तेव्हा माझी नोकरी नवी, पगार तुटपुंजा. हरिहरेश्वराला जायचे तर बायकोला एक बरे लुगडे हवे असे मला वाटले. मी बोर्लीच्या वाण्याकडे गेलो. त्याच्याकडे किराणा आणि कापड दोन्ही असे. पंचाऐंशी रुपयांचे एक निळे पातळ मी उधारीवर आणले आणि हिला सांगितले, माझ्या शिल्लकेतून घेतले. तिला केवढा आनंद झाला! त्या अकरा माणसांत ती निळी दिसत होती आणि मी मनात धन्य होत होतो. पुढे दर महिन्याला वाण्याला पाच-दहा रुपये देत गेलो. पण घरखर्चाची उधारी वाढतच होती आणि जुनी बाकी काही केल्या हटेना. हिला मी अक्षर कळू दिले नाही. दुसऱ्या दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ही वाण्याकडे साखर आणायला गेली. तो नवी वही मांडीत होता. तो भला माणूस सहज म्हणाला, "वहिनी, पातळाची बाकी तेवढी राहिली आहे हो, जुन्या वहीत."

ही घरी आली ती बोलली नाही. पाडवा गेला. भाऊबीज झाली. भावाने ओवाळणीत घातलेले पैसे घेऊन ती दुसऱ्या दिवशी तडक बोर्लीला गेली आणि वाण्याची बाकी चुकती करून आली. त्या वाण्याची एक रीत होती. हिशेब पुरा झाला की तो गिऱ्हाइकाच्या हातावर मूठभर खडीसाखर ठेवी. ती खडीसाखर हिने पदराच्या गाठीत बांधून आणली, माझ्यासमोर गाठ सोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, "कर्जाचं काही नाही हो. ते सगळ्यांनाच होतं. चोरून ठेवलंत, त्याचं वाईट वाटलं. मी पातळ नसतं नेसले तरी हरिहरेश्वर दिसलाच असता."

"ते पातळ?" भाच्याने विचारले.

"पुन्हा कधी नेसली नाही. त्याची गोधडी झाली. लहानपणी तू त्याच गोधडीवर निजायचास."

लाटा आमच्या पावलांपर्यंत येऊन परत जात होत्या. मग मी त्याला म्हटले, "तुझे पॉइंट वाईट नाहीत रे. त्या वाण्याची खडीसाखर आणि तुझे पॉइंट यांच्यात अंतर एवढंच, की वाणी हिशेब चुकता केल्यावर देई आणि बँक खर्च केल्या केल्या देते. बिल फिटलं की तुझा पॉइंटही खडीसाखर. न फिटलं तर ते मासळीच्या गळाला लावलेलं आमिष. ज्यांची बिलं राहतात त्यांच्या व्याजातून, आणि माझ्यासारख्यांच्या कापलेल्या रुपयांतून, बाकीच्यांची विमानं उडतात. उडणाऱ्यांत राहायचं असेल तर वेळेवर बिल भरणाऱ्यांत राहिलं पाहिजे. आणि बाकी राहिलीच, तर ती बायकोला वाण्याच्या तोंडून कळू देऊ नकोस."

तो बराच वेळ बोलला नाही. मग उठून त्याने मला हात दिला. वाळूतून उठायला आता मला हात लागतो.

आम्ही घरी आलो तेव्हा मुलगी आणि ही पायरीवर बसून सुपाऱ्या पुन्हा डब्यात भरत होत्या. भाचा तिच्यापुढे उभा राहिला. काहीतरी मोठे बोलायचे त्याच्या मनात असावे, पण ती आधीच म्हणाली, "मला कोची नको. मला स्टेटमेंट दाखव."

त्याने मोबाइल तिच्या हातात दिला. दोघे ओटीच्या टोकाला जाऊन बसले. तासभर त्यांची कुजबुज चालली होती. मधूनच मुलीचा आवाज चढे, मधूनच भाच्याचा. आम्ही दोघे आत गेलो. ही म्हणाली, "भांडताहेत हो." मी म्हटले, "भांडू देत. अकरा माणसांत आपल्याला तेवढंही करता आलं नव्हतं."

संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांनी निकाल सांगितला. भाच्याच्या कचेरीची पतपेढी आहे. तिथे शेकडा सालीना बारा व्याजाने कर्ज मिळते. एक लाख नव्वद हजारांचे पहिल्या महिन्याचे व्याज एकोणीसशे, आठ हजारांच्या जागी. त्यातून कार्डाची सारी बाकी एकरकमी फेडायची आणि पतपेढीचे हप्ते पगारातून कापू द्यायचे. लग्नाच्या वरातीची घोडी आणि फटाके रद्द. कोची पुढे. दर महिन्याच्या दहा तारखेला दोघांनी शेजारी बसून बिल उघडायचे आणि पूर्ण भरायचे, मगच रात्रीचे जेवायचे. "आणि तुझ्या आईला मी सांगणार नाही," मुलगी म्हणाली, "तू सांगायचंस." हे शेवटचे कलम सर्वांत जड होते. पण त्याने ते पाळले. बहिणीने म्हणे सारे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "सुनेला ठाऊक आहे ना?"

वैशाखात लग्न झाले. आणि मधुचंद्राला दोघे आले ते दिवेआगरला, आमच्या मागच्या पडवीत! पुण्याहून श्रीवर्धनची एस. टी. पकडून, म्हसळ्याला गाडी बदलून. २०२३ च्या मार्चापासून बायकांना एस. टी. त अर्धे तिकीट आहे, सूनबाईने उतरल्या उतरल्या आपले अर्धे तिकीट मला दाखवून म्हटले, "मामा, याला हाताळणी लागली नाही." चार दिवस राहिली. पहाटे पुळणीवर जात, दुपारी वाडीत पोफळीच्या विरीवर बसून एकमेकांना ओढत, लहान पोरांसारखी. एके दिवशी मोटारसायकल मागून घेऊन हरिहरेश्वरालाही जाऊन आली. दोघेच. ही दारातून त्यांना जाताना पाहत राहिली आणि मला म्हणाली, "पिशवी इकडे दे." आम्ही दोघेही खूप हसलो.

निघताना मी पैसे नको म्हणत होतो, भाचा ऐकेना. त्याने मोबाइलवरून थेट आपल्या बँकेतून माझ्या बँकेत भरले. कार्डाला हात लावला नाही. या वेळी पासबुकात पैला पै जमा झाली.

परवा दसऱ्याला दोघे पुन्हा आली. वादळानंतर लावलेल्या पोफळींतल्या एकीला यंदा पहिला घड धरला आहे. तो त्यांना दाखवायला मी वाडीत नेले. हिरव्या सुपाऱ्या, मुठीत मावतील एवढ्याच. सूनबाईने मान वर करून त्या मोजल्या. तिला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. भाचा म्हणाला, "मामा, पाच वर्षं वाट पाहिलीत!" मी म्हटले, "झाडाला किमान रक्कम भरून चालत नाही रे. रोज पाणी लागतं."

घरी येऊन त्याने हिला मोबाइल दाखवला. हिला चष्मा लागतो, तिने तो लावून एकेक अक्षर मोठ्याने वाचले: "एकूण देय रक्कम, शून्य." पतपेढीचे हप्ते अजून पुष्कळ राहिले आहेत, तेही त्याने आपण होऊन सांगितले. पॉइंट तसेच जिवंत आहेत. त्यांची मुदत संपायच्या आत, पौषात, दोघे कोचीला जाणार आहेत. बारा हजार सहाशे पॉइंटांतून, पाच हजार चारशे रोख. रोख बाजूला काढून ठेवली आहे, असे सूनबाईने सांगितले, म्हणजे ती काढलेली असणारच.

ही काही न बोलता स्वयंपाकघरात गेली. डबा उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिने दोघांच्या तळहातांवर थोडी थोडी खडीसाखर ठेवली. भाच्याने माझ्याकडे पाहिले आणि आपल्या हातावरची अर्धी सूनबाईच्या हातावर ओतली. तिला त्या खडीसाखरेची गोष्ट ठाऊक नव्हती. ती म्हणाली, "हे काय?"

"सांगतो," भाचा म्हणाला, "एस. टी. त बसल्यावर सांगतो."